घड्याळ मागे-पुढे करणं बंद करायचं, पण मग कुठली वेळ ठेवायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर मार्चात आणि नोव्हेंबरात आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न, तीच भांडणं आणि तेच फॉरवर्ड. दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतेय. आधीच सांगते, मी तटस्थ वगैरे नाहीये. घड्याळ बदलणं बंद व्हावं आणि वर्षभर स्टँडर्ड टाइम राहावा, या पार्टीतली मी. पण समोरच्या पार्टीचे जे मुद्दे मला खोडता येत नाहीत तेही खाली दिलेत, त्यामुळे वाचून झाल्यावर भांडायला मोकळे.

नुकतेच भारतातून आलोय. हे नक्की प्रकरण काय आहे?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळ एकदम तीनवर जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचा परत एक होतो. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. फोन, लॅपटॉप आपले आपण बदलतात. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि जुन्या गाडीतलं घड्याळ तुम्हाला बदलावं लागतं (आमच्या गाडीतलं हिवाळाभर एक तास पुढेच असतं, आम्ही मनात वजा करतो, ते मॅन्युअल शोधत कोण बसणार).

कारण असं की इथे दिवस खूप लहान-मोठा होतो. न्यूयॉर्कला जूनमध्ये साधारण पंधरा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरात सव्वानऊ तासांचा. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि अकराचा, म्हणजे जेमतेम सव्वादोन तास. त्यामुळे आपल्याकडे महायुद्धाचा काळ सोडला तर कोणाला घड्याळाशी खेळावंसं वाटलं नाही. इथे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला उजाडतं आणि तेव्हा सगळे झोपलेले असतात, मग तो एक तास सकाळचा काढून संध्याकाळला जोडू, अशी ती आयडिया.

स्टँडर्ड टाइम म्हणजे उन्हाळ्यातला का हिवाळ्यातला?

हिवाळ्यातला. नोव्हेंबर ते मार्च जो चालतो तो. मार्च ते नोव्हेंबर चालतो तो डेलाईट टाइम.

हा प्रश्न बावळट अजिबात नाहीये, उलट सगळा घोळ इथेच आहे. "घड्याळ बदलणं बंद करा" असं म्हटलं की शंभरातले बहुतेक लोक मान डोलावतात. पण त्यातल्या अर्ध्यांच्या डोक्यात असतं की उन्हाळ्यातली मोठी संध्याकाळ वर्षभर मिळणार, आणि बाकीच्यांच्या डोक्यात असतं की सकाळी मुलांना अंधारात उठवावं लागणार नाही. दोन्ही एकदम होऊ शकत नाही. हिवाळ्यात उजेडच सव्वानऊ तास आहे, तो सकाळी तरी द्या नाहीतर संध्याकाळी तरी. सगळ्यांचं एकमत आहे असं वाटत असताना गेली कित्येक वर्षं काहीच का होत नाही, त्याचं उत्तर हेच.

वर्षातला बहुतेक काळ डेलाईट टाइमच असतो ना, मग त्याला स्टँडर्ड का नाही म्हणत?

बरोबर, जवळजवळ आठ महिने तोच असतो. पण हे २००७ पासून. त्याआधी तो एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायचा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपायचा, आणि १९८७ च्या आधी तर एप्रिलच्या शेवटी सुरू व्हायचा. हळूहळू दोन्ही बाजूंनी ताणत आणलाय. १९८० च्या दशकात हा काळ वाढवावा म्हणून काँग्रेससमोर (म्हणजे इथल्या संसदेसमोर) कोण कोण गेलं होतं तर गोल्फवाले आणि बार्बेक्यूचं सामान विकणारे! संध्याकाळी उजेड असला की लोक घराबाहेर पडतात, बाहेर पडले की खर्च करतात, साधा हिशेब.

स्टँडर्डला स्टँडर्ड म्हणतात कारण तो सूर्याशी बराचसा जुळतो. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य साधारण डोक्यावर असतो. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात डेलाईट टाइमवर सूर्य डोक्यावर यायला जवळपास एक वाजतो आणि डेट्रॉइटला दीड.

हे सुरू कोणी केलं? शेतकऱ्यांसाठी ना?

नाही. हे फॉरवर्ड कृपया थांबवा.

शेतकरी तर याच्या विरोधात होते. गवतावरचं दव सूर्याने वाळतं, घड्याळाने नाही, आणि गायीला दूध काढायची वेळ कोणी सांगितलेली नसते. दव वाळेपर्यंत मजूर थांबणार आणि संध्याकाळी घड्याळ बघून घरी जाणार, असा दोन्हीकडून तोटा. सुरुवात झाली ती पहिल्या महायुद्धात, कोळसा वाचवायला. जर्मनीने ३० एप्रिल १९१६ ला पहिल्यांदा देशभर घड्याळं पुढे केली, महिन्याभरात ब्रिटनने केली, अमेरिकेने १९१८ मध्ये. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ते रद्द केलं, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा व्हेटो मोडून, आणि त्यात शेतकऱ्यांचा दबाव मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात परत आलं, फेब्रुवारी १९४२ ते सप्टेंबर १९४५ वर्षभर तोच.

खरी मजा त्यानंतर. १९४५ नंतर देशभर एक नियमच नव्हता, ज्या गावाला वाटेल त्याने घड्याळ पुढे करायचं, वाटेल तेव्हा मागे. ओहायोतल्या स्टूबेनव्हिलहून वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलला जाणारी पस्तीस मैलांची बस होती, त्या एवढ्याशा प्रवासात घड्याळ सात वेळा बदलायला लागायचं म्हणे. म्हणून १९६६ चा युनिफॉर्म टाइम ॲक्ट आला, जो आजही लागू आहे आणि ज्याच्यावर पुढची सगळी भानगड उभी आहे.

वीज वाचते हे तरी खरं का?

नगण्य. सरकारच्या ऊर्जा खात्याने २००८ मध्ये रिपोर्ट दिला की २००७ पासून जे काही आठवडे वाढवले त्यात रोजच्या विजेची बचत साधारण अर्धा टक्का, आणि वर्षाच्या एकूण वापरावर मोजली तर ०.०३ टक्के. दुसरीकडे इंडियानात २००६ मध्ये पहिल्यांदा सगळ्या राज्याला हे लागू झालं तेव्हा अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली, आणि तिथे घरगुती विजेचा वापर उलट एक टक्क्याच्या आसपास वाढलेला निघाला. दिवे कमी जळले पण एसी जास्त चालला. १९१६ मध्ये घरातली ऊर्जा म्हणजे दिवा होता, आता दिवा एलईडी आहे आणि बिल एसीचं येतं. हा मुद्दा आता दोन्ही बाजूंनी सोडून द्यावा असं माझं मत.

एका तासाने असं काय होतं? आपण भारतात जातो तेव्हा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक सहन करतोच की.

सहन करता, पण पोचल्यावर चार दिवस दुपारी तीनला सोफ्यावर आडवे होता आणि सगळे म्हणतात झोपू दे, जेटलॅग आहे. मार्चच्या त्या सोमवारी कोणी झोपू देत नाही, गाडी काढून ऑफिसला जावं लागतं. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या वीसेक वर्षांच्या अपघातांचा डेटा बघितला होता, मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात जीवघेणे अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढतात असं निघालं.

हार्ट अटॅकचं फॉरवर्ड तुम्ही वाचलंच असेल, २४ टक्के वाढतात वालं. ते मिशिगनमधल्या २०१४ च्या अभ्यासातून आलंय, आणि त्यात सोमवारी वाढ होती हे खरं, पण आठवड्याची बेरीज केली तर एकूण आकडा वाढलेला नव्हता. २०२५ मध्ये देशभरातल्या हॉस्पिटलांच्या डेटावर मोठा अभ्यास आला, त्यात तर वाढ दिसलीच नाही. त्यामुळे माझ्या बाजूचे लोक हा आकडा फेकतात तेव्हा मला जरा अवघडायला होतं. मुद्दा खरा असला तरी त्याला कच्चा आकडा जोडू नये.

माझ्यासाठी महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो एका सोमवारचा नाहीये, आठ महिन्यांचा आहे. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडाने सेट होतं. सकाळी डोळ्यावर उजेड पडला की रात्री वेळेवर झोप येते, आणि रात्री उशिरापर्यंत उजेड राहिला की झोप लांबते, पण शाळा आणि ऑफिस काही लांबत नाही. म्हणजे झोप फक्त एका टोकाकडून कापली जाते. टाइमझोनच्या पश्चिम कडेला राहणाऱ्यांना सूर्यास्त उशिरा मिळतो, ते पूर्व कडेवाल्यांपेक्षा सरासरी १९ मिनिटं कमी झोपतात असं एका अभ्यासात निघालंय. रोज १९ मिनिटं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलं की बदल बंद करा आणि कायम स्टँडर्ड ठेवा, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये तेच सांगितलं. झोपेचा अभ्यास करणारी मंडळी सहसा एवढ्या एकमताने बोलत नाहीत.

पण मला संध्याकाळी उजेड आवडतो! कायमचा डेलाईट टाइमच करा ना.

आवडतो मलाही. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड, ऑफिसनंतर पार्कात क्रिकेट, पोरं बाहेर, अंगणात कांदाभजी, कोणाला नको असेल. पण ती मोठी संध्याकाळ मुळात जूनची आहे, घड्याळाची नाही. घड्याळ जानेवारीत पुढे केलं म्हणून जानेवारीत जून येत नाही, फक्त सकाळ जाते.

आणि हा प्रयोग झालाय हो! तेलाचं संकट होतं म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात ६ जानेवारी १९७४ पासून वर्षभर डेलाईट टाइम लागू केला. त्याच्या आदल्या डिसेंबरात ७९ टक्के लोक बाजूने होते. मग जानेवारीच्या सकाळी पोरं काळोखात शाळेला निघाली, फ्लोरिडात मुलं गाड्यांखाली आल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि फेब्रुवारीत पाठिंबा ४२ टक्क्यांवर. प्रयोग एप्रिल १९७५ पर्यंत चालायचा होता, पण ऑक्टोबर १९७४ मध्ये नंतरचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही करून हिवाळ्यात परत स्टँडर्ड आणला. म्हणजे ज्यांनी मागितला होता त्यांनाच एक हिवाळा पुरा झाला.

आजचे आकडे घ्या. कायम डेलाईट टाइम ठेवला तर जानेवारीच्या सुरुवातीला न्यूयॉर्क-एडिसनकडे सूर्य आठ-वीसला उगवेल, डॅलसला साडेआठला, सिएटलला नऊला पाच मिनिटं कमी असताना आणि डेट्रॉइट, इंडियानापोलिसला नऊ वाजून गेल्यावर. आमच्याकडे मिडल स्कूलची बस साडेसातच्या आत येते. आत्ताही डिसेंबर-जानेवारीत पोरं बस स्टॉपवर उभी असतात तेव्हा नुकतं फटफटलेलं असतं, सगळ्यांची जॅकेटं काळी किंवा नेव्ही ब्लू, वळणावरून येणाऱ्या गाडीला दिसतात ते फक्त बुटांवरचे चमकणारे पट्टे. याच्यात अजून एक तास अंधार घाला आणि मग सांगा.

कायम स्टँडर्ड ठेवला तर जूनमध्ये पहाटे चारला उजाडेल त्याचं काय?

उजाडेल. हा सगळ्यात खरा आक्षेप आहे आणि मी तो टाळणार नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला सूर्योदय चार-पंचवीसला, बॉस्टनला चार-सातला, शिकागोला सव्वाचारला. सूर्यास्त न्यूयॉर्कला साडेआठच्या जागी साडेसातला. पडदे जाड लावावे लागतील आणि लहान बाळ असेल तर पहिले काही दिवस शिव्या घालाल मला.

आणखी दोन मुद्दे समोरच्यांच्या बाजूने. संध्याकाळी उजेड असला की लूटमार कमी होते, २०१५ च्या एका अभ्यासात डेलाईट टाइम सुरू झाल्यावर ती ७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. दुसरं हरणं. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की ऑफिसहून घरी यायची वेळ नेमकी अंधारात जाते, त्यात हरणांचा माजाचा सीझन, बदलानंतरच्या आठवड्यात गाडी-हरीण टकरी १६ टक्क्यांनी वाढतात. न्यू जर्सीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी बंपर गेलेला असतोच.

तरी मी स्टँडर्डच म्हणते. जूनमध्ये पहाटेचा उजेड पडद्याने अडवता येतो, जानेवारीत सकाळी आठला सूर्य कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि उन्हाळ्यात संध्याकाळ हवी असेल तर ऑफिसं, कॅम्प, दुकानं आठच्या ऐवजी सातला सुरू करा ना, कोणी अडवलंय? लोक म्हणतात असं कोणी करणार नाही. म्हणजे बॉसने सातला बोलावलं तर चालत नाही, पण काँग्रेसने सातलाच आठ म्हणा सांगितलं की निमूट जातो आपण.

मग अर्ध्या तासावर तोडगा का नाही काढत?

निघू शकतो, पण मग अमेरिका जगाशी अर्ध्या तासाने हुकणार. तो त्रास काय असतो ते ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेल्या आपल्या देशाला विचारा. (ऑस्ट्रेलियाजवळचं लॉर्ड हाउ बेट उन्हाळ्यात फक्त अर्धाच तास पुढे जातं. पण तिथे राहतात शेकड्यांत मोजण्याइतकी माणसं.)

सगळ्यांना कंटाळा आलाय तर अडलंय कुठे?

१९६६ च्या कायद्यात. त्याप्रमाणे एखाद्या राज्याला वर्षभर स्टँडर्डवर राहायचं असेल तर विधिमंडळात कायदा करून राहता येतं, वॉशिंग्टनला विचारायची गरज नाही. पण वर्षभर डेलाईटवर राहायचं असेल तर काँग्रेसने कायदा बदलायला हवा. झालंय काय, डझनभराहून जास्त राज्यांनी नेमका दुसरा पर्याय निवडून ठेवलाय. फ्लोरिडाने २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाला तशी मुभा देणाऱ्या प्रपोझिशन ७ या जनमताला साठेक टक्के मतं मिळाली, आणि मग सगळे काँग्रेसकडे बघत बसलेत. जो दरवाजा उघडा आहे तिकडे कोणी जात नाही आणि कुलूप असलेल्या दारापुढे रांग.

मार्च २०२२ मध्ये सिनेटने कायम डेलाईट टाइमचा सनशाइन प्रोटेक्शन ॲक्ट एकमताने पास केला, चर्चाच न होता, कोणी हरकत घेतली नाही म्हणून पास. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर "शेवटचं घड्याळ बदललं" म्हणून पेढे वाटल्यासारखे मेसेज. हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाने, तो मतदानाला घेतलाच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये परत तसाच घाईने पास करायचा प्रयत्न झाला तर अर्कान्सॉचे सिनेटर टॉम कॉटन यांनी हरकत घेतली, मुद्दा हाच, हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळी.

कुठलं राज्य आत्ता स्टँडर्डवर आहे?

हवाई आणि ॲरिझोना. हवाई विषुववृत्ताच्या जवळ, त्यांना गरजच नाही. ॲरिझोनाचं कारण ऊन. फीनिक्सला उन्हाळ्यात संध्याकाळी अजून एक तास सूर्य कोणाला हवाय, तिथे लोक सूर्य बुडायची वाट बघतात. नागपूरकरांना हे लगेच पटेल. पण ॲरिझोनातलंच नावाहो नेशन डेलाईट टाइम पाळतं, आणि त्याच्या पोटात असलेला होपी लोकांचा प्रदेश पाळत नाही. त्या भागात फिरायला जाणार असाल तर टूरचं बुकिंग कुठल्या वेळेने आहे ते फोन करून विचारा, नाहीतर तासभर उन्हात.

पोर्तो रिको, ग्वाम वगैरे टेरिटरीजसुद्धा बदलत नाहीत.

बाकी देशांनी काय केलं?

रशियाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण त्यांनी दोन्ही करून बघितलं. २०११ मध्ये कायमचा उन्हाळी टाइम, लोक हिवाळ्यातल्या सकाळींना वैतागले, २०१४ मध्ये कायमचा हिवाळी टाइम. ब्रिटननेही १९६८ ते १९७१ वर्षभर एक तास पुढे राहून बघितलं आणि सोडून दिलं, स्कॉटलंडमधल्या सकाळी फारच काळ्या होत्या. मेक्सिकोने २०२२ मध्ये बदल बंद केला आणि स्टँडर्ड ठेवला, फक्त अमेरिकेच्या सीमेजवळच्या काही गावांना सूट आहे. तुर्कस्तानने उलट २०१६ मध्ये कायम पुढची वेळ ठेवली.

युरोपियन युनियनचं म्हणाल तर २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली, ४६ लाख उत्तरं आली, ८४ टक्के म्हणाले बंद करा. (त्यातली तीसेक लाख एकट्या जर्मनीतून, जर्मन माणूस फॉर्म भरायला कधी नाही म्हणत नाही.) २०१९ मध्ये युरोपियन पार्लमेंटने २०२१ पासून बंद करायला मंजुरीही दिली. मग प्रश्न आला की कुठली वेळ ठेवायची, आणि देशांचं आपसात जमेना, मग कोविड आला आणि फाइल तशीच राहिली.

मी पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटचं काम करतो. मला काय फरक पडेल?

आत्ता न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते आणि हिवाळ्यात साडेसातला. कॅलिफोर्नियाची नऊची उन्हाळ्यात रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. बदल बंद झाला तर वर्षातून दोनदा हिंजवडीची कॅब आणि जेवणाची वेळ हलवायला लागणार नाही. पण स्टँडर्ड कायम झाला तर तुमच्या वाट्याला वर्षभर हिवाळ्याचीच वेळ, म्हणजे साडेसात आणि साडेदहा. खरं सांगायचं तर भारतातल्या टीमला कायम डेलाईट टाइम जास्त सोयीचा. माझा भाऊ पुण्यात याच कामात आहे आणि या विषयावर तो माझ्याशी बोलत नाही.

शेअर बाजारवाल्यांचंही तसंच. अमेरिकन मार्केट आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला उघडतं, हिवाळ्यात आठला. एमसीएक्सवर (वायदे बाजारात) सोनं-चांदी करणाऱ्यांना माहितीच आहे, रात्री बंद व्हायची वेळ अमेरिकेच्या घड्याळाबरोबर ११:३० ची ११:५५ होते.

सगळ्यात जास्त गोंधळाचे आठवडे मार्चमधले. अमेरिका दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचच्या ऐवजी चार तासांचा फरक असतो. तीन देशांचा कॉल असेल तर पुण्याची माणसं वेळेवर येतात, लंडनची एक तास उशिरा, आणि सगळे एकमेकांची माफी मागत बसतात.

भारतात असं कधीच नव्हतं ना?

होतं की. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. आणि मुंबईचं तर अजून वेगळं. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत बॉम्बे टाइम चालूच राहिला, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, तो पूर्ण गेला १९५५ मध्ये. मुंबईकरांचं म्हणणं तेव्हाही साधारण तेच होतं जे मी आत्ता म्हणतेय, आमचा सूर्य उगवतो तेव्हा आमची सकाळ. आजही पुण्या-मुंबईत सूर्य डोक्यावर यायला बारा-पस्तीस होतात कारण आपली वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून धरली आहे. उलट आसामच्या चहाच्या मळ्यांमध्ये घड्याळ एक तास पुढे ठेवायची पद्धत आहे, बागान टाइम म्हणतात त्याला.

मुलाची पत्रिका करायची आहे. जन्मवेळेत हा तास धरायचा का?

धरायचाच, आणि या प्रश्नावर घोळ झालेल्या पत्रिका मी बघितल्यात. बाळ जुलैत दुपारी १:१० ला जन्मलं असेल तर स्टँडर्ड वेळ १२:१०. सॉफ्टवेअरमध्ये गाव नीट निवडलं तर ते आपोआप वजा करतं, पण भारतातल्या गुरुजींना नुसता "ग्रीनिच उणे पाच" असा निरोप दिला तर तास तसाच राहतो आणि लग्न बदलू शकतं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यात एक तास म्हणजे पन्नास टक्के चान्स. निरोपात सरळ लिहा की ही वेळ ग्रीनिच उणे चार आहे. आजी-आजोबांचा जन्म १९४२ ते १९४५ मधला असेल तर त्यांच्याही वेळेला हाच नियम लागतो, फक्त तेव्हा कोणत्या घड्याळाने लिहिलंय ते घरातल्यांनाच विचारावं लागेल.

नोव्हेंबरच्या त्या रात्री दीड दोनदा वाजतो. तेव्हा जन्म झाला तर पहिला दीड का दुसरा, हे हॉस्पिटलमध्येच लिहून घ्या. जुळी असतील तर धाकटं कागदावर मोठं निघू शकतं.

आणि संकष्टी?

भारतातल्या पंचांगातली चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही, आपल्या गावाची बघायची. देवळाने छापलेला तक्ता स्टँडर्ड टाइममध्ये असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवा. उन्हाळ्यात इथे चंद्र दिसायला दहा-साडेदहा वाजतात, तोवर पोरं झोपलेली आणि मोदक गार. स्टँडर्ड असता तर नऊ-साडेनऊला ताट वाढलं असतं. उपास करणाऱ्यांनी तरी माझ्या पार्टीत यावं.

मला हे बदलायला हवंय. करायचं काय?

काँग्रेसला लिहिण्याआधी आपल्या राज्याच्या असेंब्ली मेंबरला लिहा, कारण स्टँडर्डचा निर्णय राज्याच्या हातात आहे. मतदानाचा हक्क नसला तरी त्या भागात राहणाऱ्याचं ऑफिसमध्ये ऐकून घेतात, ग्रीन कार्ड असो नाहीतर एच-वन. ईमेलमध्ये "घड्याळ बदलणं बंद करा" एवढंच लिहू नका, "कायम स्टँडर्ड टाइम" असं स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचा ईमेल मोजला जाईल दुसऱ्या बाजूला. पिटिशन आली तर सही करायच्या आधी आत कुठली वेळ लिहिली आहे ते बघा, नावात नुसतं "पर्मनंट" आणि "सनशाइन" असतं.

न्यू जर्सीला एकट्याने करणं अवघड आहे हेही मान्य. निम्मं राज्य ट्रेनने मॅनहॅटनला कामाला जातं, नदीच्या अलीकडे एक वेळ आणि पलीकडे एक असं आठ महिने चालणार नाही. म्हणून न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कनेटिकटसोबत मिळून करायला हवं. त्या राज्यांत तुमचे नातेवाईक असतीलच, ही लिंक त्यांच्या ग्रुपवर टाका.